आधी नक्कल, मग रूपांतर
(घरच्या डीव्हीडी फाईलमध्ये आणण्याविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

साधारण २००५ ते २०१५ या काळात ज्या घरात लग्न झालं, त्या घराच्या कपाटात प्लॅस्टिकची एक डबी हमखास सापडते. वर नवरा-नवरीचा फोटो, चार गुलाब, मोठ्या अक्षरात 'शुभविवाह', आणि आत 'भाग १', 'भाग २' अशा दोन डीव्हीडी. खर्ड्यासारख्या बाजारपेठेच्या गावात त्या घरोघर असायच्या. शेजारी साखरपुडा, बारसं, सप्त्यातलं काल्याचं कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, निवडणुकीनंतरची मिरवणूक. डब्या राहिल्या, पण त्या लावायचा प्लेअर बहुतेकांनी भंगारात दिला. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोय नसते, टीव्ही पेनड्राइव्ह मागतो, आणि मोबाइलचा तर तबकडीशी संबंधच नाही. मग माणूस डबी घेऊन फोटो स्टुडिओत किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जातो आणि म्हणतो, "एवढं मोबाइलमध्ये घालून द्या."

हे 'घालून देणं' नीट कसं करावं, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे. ती तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिली: असं काम घेणारे दुकानदार, जुने शूटिंगवाले, आणि प्रत्येक घरात असतो तो 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' भाचा किंवा पुतण्या. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बटणंही फार नाहीत. तरीही या कामात पुष्कळ नुकसान होतं, आणि झालेलं नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मूळ चित्र पुन्हा कोणी लावून बघत नाही. सॉफ्टवेअरमधली प्रत्येक निवड म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निर्णय असतो. तो निर्णय आपण घेतला नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या वतीने घेऊन मोकळं होतं. त्याला ना वरात माहीत, ना आजी. या पुस्तिकेचं सगळं सांगणं एवढंच आहे.

आधी तबकडीविषयी. डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या बाजारात आली. आपल्याकडच्या खेड्यांत तिच्याआधी व्हीसीडी रुळली होती. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे चौपट ठिपक्यांचं. लग्नाचं शूटिंग कॅसेटवर व्हायचं, कॅसेट तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी 'मिक्सिंग'ला जायची, आणि महिन्या-दोन महिन्यांनी डबी हातात पडायची. ज्यांची लग्नं त्याआधीची, त्यांच्याही व्हीएचएस कॅसेटी याच काळात डीव्हीडीवर उतरवल्या गेल्या. त्यामुळे १९९०च्या आसपासची चित्रंही आज अनेक घरांत फक्त तबकडीवरच उरली आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, शूटिंगवाले पेनड्राइव्ह देऊ लागले, आणि डबीचा जमाना संपला.

दुकानातून विकत आणलेली सिनेमाची डीव्हीडी आणि शूटिंगवाल्याने दिलेली डीव्हीडी दिसायला सारख्या, पण जात वेगळी. सिनेमाची तबकडी कारखान्यात साच्यावर छापलेली असते. तिच्यातले खड्डे प्लॅस्टिकमध्येच उठवलेले असतात. लग्नाची तबकडी डीव्हीडी-आर. तिच्यात दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि रायटरच्या लेझरने त्या रंगावर खुणा जाळलेल्या असतात. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हळूहळू उतरतो. जामखेड तालुक्यातला एप्रिल-मे, वर पत्रा, पत्र्याखाली लोखंडी कपाट आणि कपाटात ही डबी: रंगाला मारायला यापेक्षा चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. त्यात स्वस्त माल, घाईने केलेलं रायटिंग आणि वर चिकटवलेलं कागदी लेबल. लेबल सुकून आकसलं की तबकडी किंचित वाकते आणि ड्राइव्हला ती धड वाचता येत नाही.

आणखी एक गोष्ट कामाची आहे. तबकडीवर मजकूर आतून बाहेर लिहिला जातो, मधल्या भोकाजवळ सुरुवात आणि कडेला शेवट. वाचताना चुका बहुधा कडेकडेच आधी येतात. म्हणजे 'भाग १' काठोकाठ भरलेला असेल, तर आधी जाणार त्याचा शेवट, आणि 'भाग २'मध्ये आधी जाणार पाठवणी. घरच्यांनी सुरुवातीची पाच मिनिटं लावून पाहिली आणि 'आपली सीडी चांगली आहे' असं ठरवलं, तर ती खात्री खरी नव्हे. शेवटची पाच मिनिटं लावून बघा.

आता तबकडी कॉम्प्युटरला लावून उघडा. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचा एक फोल्डर दिसतो आणि त्यात तीन प्रकारच्या फाईली. व्हीओबी फाईलीत चित्र आणि आवाज असतो. त्या एक जीबीहून मोठ्या होऊ दिल्या जात नाहीत, म्हणून एकच लग्न चार-पाच तुकड्यांत कापलेलं दिसतं. आयएफओ फाईलीत अनुक्रमणिका असते: कोणता भाग कुठे सुरू होतो, चित्राचा आकार कोणता, मेनूतून कुठे जायचं. बीयूपी म्हणजे त्या अनुक्रमणिकेची जादा प्रत. पुष्कळ ठिकाणी व्हीओबी फाईली तेवढ्या कॉपी करून, त्यांचं नाव बदलून गिऱ्हाइकाला दिल्या जातात. अनुक्रमणिका मागे राहते. मग पुढे-मागे करताना वेळ चुकीची दिसते, तुकड्यांच्या जोडावर चित्र अडखळतं, आणि 'हळद', 'लग्न', 'वरात' हे मेनूतले विभाग नाहीसे होतात.

म्हणून या पुस्तिकेचा पहिला नियम: रूपांतराला हात लावण्याआधी तबकडीची जशीच्या तशी नक्कल काढा. तिला आयएसओ म्हणतात. पूर्ण तबकडी, सगळ्या फाईली, मेनू, अनुक्रमणिका, सगळं एका फाईलीत. डीव्हीडी-आरची क्षमता ४.७ जीबी, कॉम्प्युटर तीच ४.३७ दाखवतो, कारण तो १०२४ने भागतो. एवढी जागा आज कोणालाही परवडते.

हा नियम आपल्याकडे जुना आहे. खर्ड्याचं नाव इतिहासात आलं ते ११ मार्च १७९५च्या लढाईमुळे. निजाम अली इथल्या किल्ल्यात कोंडला गेला आणि तहाला कबूल झाला. मराठी फौजांचं नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतं, आणि पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रं पुढे मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त बाळबोधीत आणून छापली. मोडी वाचताना शब्द चुकू शकतो. पण मूळ कागद दप्तरात असेल, तर पुढचा संशोधक तो काढून पुन्हा वाचतो आणि चूक दुरुस्त करतो. बाळबोध प्रत तयार झाली म्हणून मोडीचा कागद कोणी बंबात घालत नाही. डीव्हीडीच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो: मोबाइलमध्ये फाईल आली की तबकडी कचऱ्यात. फाईल बिघडलेली निघाली, तर मग परत जायला जागा उरत नाही.

तबकडी आधीच खराब झाली असेल, तर साधं कॉपी करणं पहिल्या खराब जागेवर अडतं आणि काम बंद पडतं. अशा वेळी डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरावा. तो आधी चांगला भाग पटापट उचलतो, वाईट जागा वगळून त्यांची नोंद ठेवतो आणि नंतर फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्याच नोंदीच्या आधारे तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावता येते. एका ड्राइव्हला वाचता न आलेला भाग दुसऱ्याला वाचता येतो, हे या कामातल्या लोकांच्या नेहमीच्या अनुभवातलं आहे. तबकडी पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नये. गोल ओरखडा लेझरच्या वाटेने जातो आणि सलग बराच मजकूर खातो.

नक्कल हाती आली की रूपांतराकडे वळायचं. या पुस्तिकेत त्यासाठी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर घेतलं आहे. २००३ साली एरिक पेटिट यांनी ते लिहायला घेतलं, आज जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर ते चालतं. उघडलं की ते स्वतःच एक तयार साचा निवडून बसतं, 'फास्ट १०८०पी३०'. बहुतेकजण तिथेच 'स्टार्ट' दाबतात. फाईल तयार होते, चालतेही. पण काय गेलं ते बघायचं असेल, तर वरातीचं दृश्य घ्या.

आपल्याकडचा त्या काळचा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घ्यायचा, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असायचं. एका क्षणी एकाआड एक रेघा, पुढच्या क्षणी उरलेल्या रेघा. म्हणजे खरं तर सेकंदाला ५० क्षण टिपलेले. जुन्या जाड टीव्हीवर हे आपोआप जमून यायचं. मोबाइलच्या पडद्यावर तसंच लावलं, तर नाचणाऱ्याच्या हाताला, हलगीवर पडणाऱ्या टिपरीला दातेरी रेघा सुटतात. हे काढण्याला डीइंटरलेस करणं म्हणतात, आणि ते 'फिल्टर्स' या पानावर असतं. साध्या पद्धतीने केलं, तर रेघा जातात पण ५० क्षणांचे २५ होतात. नाच जरा लाकडी वाटतो. तिथेच 'बॉब' निवडलं, तर पन्नासच्या पन्नास क्षण राहतात. मात्र त्याचबरोबर 'व्हिडिओ' पानावर फ्रेम रेट 'मुळाप्रमाणे' करावा लागतो. तयार साच्यात ३०ची मर्यादा आहे. ती तशीच ठेवली, तर पन्नासातले वीस क्षण वेडेवाकडे गाळले जातात आणि वरात ठेचकाळत चालते.

मिक्सिंगवाल्याने दोन अर्ध्यांचा क्रम उलटा लावलेला असेल, तर हलणारी प्रत्येक गोष्ट एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरते. हे आधी कळत नाही. म्हणून पूर्ण लग्न लावण्याआधी नाचाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून बघावा. लग्न लागतानाच्या स्थिर दृश्यावर ही परीक्षा होत नाही, तिथे सगळंच चांगलं दिसतं.

दुसरी परीक्षा आकाराची. ७२० बाय ५७६ हा आकार ना जुन्या चौकोनी टीव्हीचा, ना नव्या लांबट टीव्हीचा. हे चित्र दाखवताना किती ताणायचं, याची नोंद तबकडीत वेगळी असते. ती नोंद रूपांतरात हरवली, की लांबट चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि सगळं वऱ्हाड वाळलेलं दिसतं. उलट चौकोनी चित्र लांबट पडदा भरायला ताणलं, की नवरदेव आडवा सुटतो. 'डायमेन्शन्स' पानावर 'अ‍ॅनामॉर्फिक' हे 'ऑटोमॅटिक' ठेवलं, तर ही नोंद पाळली जाते. पण मूळ नोंदच चुकीची असू शकते. म्हणून चित्रात एखादी गोल वस्तू समोरून दिसेल अशी जागा शोधा. हलगी, ओवाळणीचं ताट, रुखवतातली चाळण, काहीही. ती गोल दिसली तर आकार बरोबर.

त्याच पानावर 'क्रॉप' आहे, म्हणजे कडा कापणं. सॉफ्टवेअर काळ्या कडा स्वतः ओळखतं. व्हीएचएसवरून आलेल्या चित्रात तळाशी काही रेघा सतत फाटलेल्या असतात, त्या कापाव्यात. बाकी कापताना हात आखडता ठेवा. वरात गावातून जाते तेव्हा नवरदेवामागे गाव दिसतं: तेव्हाची दुकानं, पाट्या, एसटी, दारात उभी असलेली माणसं. शूटिंगवाल्याने ते मुद्दाम घेतलेलं नाही. पण वीस वर्षांनी बघणारा नवरदेवाइतकंच त्या कडेला बघतो, कारण तिथे उभी असलेली काही माणसं आता नाहीत आणि ती पेठही आता तशी उरलेली नाही.

तिसरी निवड दर्जाची. इथे 'आरएफ' नावाची सरकपट्टी असते. आकडा कमी तर दर्जा जास्त आणि फाईल मोठी. डीव्हीडीच्या आकाराच्या चित्राला १८ ते २० ठीक, जागेची फारच टंचाई असेल तर २२. एनकोडर एच.२६४ ठेवावा, तो २००३ साली आला आणि आज जुना मोबाइल, जुना टीव्ही, सगळ्यांना चालतो. एच.२६५ने फाईल लहान होते, पण गावाकडच्या जुन्या टीव्हीवर ती लागेलच असं नाही. दोन तासांचं लग्न यात साधारण दीड-दोन जीबीत बसतं. गिऱ्हाईक 'एचडी करून द्या' म्हणतं, तेव्हा त्याला नम्रपणे नाही म्हणा. डीव्हीडीत जे टिपलेलंच नाही, ते १९२० बाय १०८० केल्याने उगवत नाही. फक्त फाईल फुगते. 'डीनॉइज'चंही तसंच. मांडवातल्या अंधुक उजेडात चित्रावर कण दिसतात; ते जोरात पुसायला गेलं, की शालूची जर आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकदमच जातात. ते बंद ठेवावं, फार तर सगळ्यात हलकं.

आवाजाकडे लक्ष कमी जातं, म्हणून मुद्दाम सांगतो. मिक्सिंगमध्ये बहुतेक ठिकाणी मूळ आवाज काढून सिनेमाची गाणी घातलेली असतात. जिथे मूळ आवाज राहिला आहे, मंगलाष्टकं, उखाणे, एखाद्या मामांचं भाषण, ते तुकडे मोलाचे. 'ऑडिओ' पानावर एएसी, १६० किंवा १९२ ठेवलं की पुरे. बँडचा आवाज फाटलेला असेल, तर तो कॅमेऱ्यातच फाटलेला आहे. इथे त्याची दुरुस्ती करू नये.

फाईल कोणत्या डब्यात ठेवायची, तर मोबाइलसाठी एमपी४. पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावायची असेल, तर एक अडचण लक्षात घ्या: पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यांत ४ जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. आणि सॉफ्टवेअर स्वतः निवडतं तो 'मुख्य' भाग म्हणजे सगळी तबकडी नव्हे. हळद आणि वरात मिक्सिंगवाल्याने वेगळ्या विभागात ठेवली असेल, तर 'टायटल'च्या यादीत जाऊन तीही वेगळी घ्यावी लागते.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून बनवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक ती बनवून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे आपल्या लग्नाची डीव्हीडी आपली. त्यात घातलेली सिनेमाची गाणी मात्र आपली नव्हेत. तीच फाईल यूट्यूबवर टाकली, की तिथली यंत्रणा गाणं ओळखते आणि आवाज बंद करू शकते किंवा व्हिडिओ अडवू शकते. विकत घेतलेल्या सिनेमाच्या तबकडीवर कुलूप असतं. ते हक्कभंगाच्या हेतूने तोडणं २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे गुन्हा आहे. हँडब्रेकमध्ये ते कुलूप उघडायची सोय मुळात नाही, आणि या पुस्तिकेतही तो विषय नाही. सिनेमाच्या प्रती जगात इतरत्र आहेत. घरच्या लग्नाची दुसरी प्रत कुठेच नाही.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. पहिल्या भागात तबकड्यांची छाननी: कोणती आधी घ्यायची. उत्तर सोपं आहे, घरी किंवा स्टुडिओत लिहिलेली सगळ्यात जुनी आधी, छापील सिनेमे सगळ्यात शेवटी. हँडीकॅमच्या छोट्या तबकड्या 'फायनलाइज' केलेल्या नसतील तर त्यांचं काय करायचं, हेही तिथेच आहे. दुसऱ्या भागात नक्कल आणि बचाव. तिसऱ्यात वर सांगितलेल्या निवडी, पान-दर-पान. चौथ्यात नावं आणि नोंदी. 'नवीन फाईल २' असं नाव पाच वर्षांनी कोणाला काही सांगत नाही. वर्ष, गाव, प्रसंग, भाग असा क्रम ठेवावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रात कोण कोण आहे, ते लिहून घ्यावं. रूपांतर पुढच्या वर्षी केलं तरी चालेल. ही यादी थांबत नाही. पाचव्या भागात साठवण: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. पुण्याला असलेल्या मुलाकडे किंवा सासरी असलेल्या मुलीकडे एक हार्ड डिस्क ठेवली, की ही अट पूर्ण होते.

पुस्तिकेतली बटणं आणि पानं बदलतील. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. कशासाठी काय निवडायचं, हे समजलं असेल तर नव्या पानावरही ते सापडतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी कारण आधी आणि बटण नंतर दिलं आहे.

शेवटी दुकानदारांना एक विनंती. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये घालून द्या एवढंच म्हणेल. त्याला एमपी४ द्याच, पण सोबत पेनड्राइव्हवर आयएसओही द्या, आणि ही फाईल पुसू नका असं त्याला तोंडाने सांगा. त्याचे वेगळे पैसे घ्या. नक्कल काढण्याचे पैसे तहसील कचेरीत कोणी नाकारत नाही, इथेही नाकारणार नाही.

खर्डा, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर